आताचं बरं

किशोरवयीन मनोरुग्णांच्या कक्षात भिंतभर एक जिराफ रंगवलेला होता. रंगाऱ्याचा मानेचा अंदाज चुकला असावा. छताला टेकल्यावर ती मान त्याने आडवी वळवून दाराजवळच्या दिव्याच्या बटणापर्यंत आणली होती, आणि त्यामुळे दिवा लावणाऱ्याला दर वेळी जिराफाच्या नाकपुडीत बोट घालावं लागे. जिराफाखाली झोपणारी मुलं तेरा-चौदाच्या पुढची. काहींना मिशा फुटल्या होत्या. एकाचा आवाज तर एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा घोगरा होता. पण ज्या समितीने हा प्राणी मंजूर केला तिची समजूत अशी असावी, की मन आजारी पडलं की माणसाचं वय उतरतं आणि मग त्याला चित्रं दाखवून गप्प बसवता येतं.

जिराफाच्या पोटाखालची खाट माझ्या भाचीची. घरात तिला सगळे वकील म्हणतात. लहानपणी बरणी फोडल्यावर तिने बचाव केला होता, की बरणी ओट्याच्या कडेला ठेवणारा पहिला आरोपी आणि तिला नुसतं शेवटचं बोट लावणारी फार तर साक्षीदार. माझा भाऊ त्या दिवशी इतका हसला की शिक्षा राहूनच गेली. तेव्हापासून तो तिला ‘वकीलसाहेब’ म्हणतो. भावाचं चष्म्याचं दुकान आहे. भावजय शाळेत गणित शिकवते. मी जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून त्यांतला मूळ पाठ कोणता ते ठरवते. ज्या कामाची कुणालाच घाई नसते, त्या कामात माझा जन्म गेला. त्यामुळे दुपारी भाचीजवळ बसायला घरात मोकळी अशी मीच होते.

आजाराची सुरुवात घरात साजरी झाली होती. सोळा वर्षांची मुलगी झोपेनाशी झाली, भिंतीवर समीकरणं आणि सुभाषितं शेजारी शेजारी लिहू लागली, जेवताना एका वाक्यात पृथ्वीचा कल आणि शेजारणीचा स्वभाव यांचा संबंध जोडू लागली; आणि माझ्या भावाचा फोन आला तो अभिनंदनाच्या सुरात.

“ताई, पोरगी थेट तुझ्यावर गेली गं! तोंडातून नुसते विचार सांडतायत.”

“झोपते का?”

“झोपायला वेळ कुणाला आहे? तुम्हा विद्वानांचं असंच असतं ना?”

मी त्याला सांगितलं, की विद्वान हे जगातले सर्वांत झोपाळू प्राणी असून माझा अर्धा पगार त्याबद्दलच होता, आणि तिला ताबडतोब डॉक्टरकडे ने. तो हसला. पुढच्याच आठवड्यात वकिलाने सकाळी वडिलांच्या आधी जाऊन दुकान उघडलं आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसांना चष्मे वाटायला सुरुवात केली. चेहरा पाहिला की नंबर कळतो, अशी तिची त्या दिवशी खात्री होती. एका वयस्कर गृहस्थांना तिने लहान मुलीची गुलाबी फ्रेम चढवली. त्यांनी आभार मानले आणि ते तशीच घालून पुढे गेले. दुकान रिकामं झाल्यावर अक्षरांचा तक्ता काढून ती चौकाच्या मध्यभागी उभी राहिली, गाड्या अडवू लागली, आणि प्रत्येक चालकाला सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. वाहतुकीचा पोलीस धावत आला. तिने त्यालाही वाचायला लावलं. तो भला माणूस डोळे बारीक करून निम्मी ओळ वाचत होता तेव्हा एक टेम्पो तिच्या कोपराला घासून गेला, आणि ती रक्ताकडे पाहून म्हणाली, “रंग बरोबर आहे.” त्या वाक्यानंतर मात्र कुणी अभिनंदन केलं नाही.

रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बायपोलर. “म्हणजे दोन टोकं,” ते म्हणाले. “सध्या ती वरच्या टोकाला आहे. औषधं खाली आणतील.” मी ग्रंथालयातून मिळेल ते आणून वाचलं. लोक संकटात देवाकडे धावतात, मी ग्रंथसूचीकडे. पुस्तकांत त्याला द्विध्रुवीय म्हणतात. नाव बनवणाऱ्याने भूगोल मात्र पुरता लक्षात घेतलेला दिसत नाही. ध्रुवांवर माणसं राहत नाहीत. माणसं मधल्या पट्ट्यात राहतात, आणि तिथे परत कसं यायचं याबद्दल त्या शब्दात एक अक्षर नाही.

औषधांनी तिला खाली आणलं. आधी आवाज खाली आला, मग हात, मग पापण्या. तिला देत होते ते लिथियम हा खडकातून निघणारा क्षार आहे, आणि रक्तात ते किती असावं याची मर्यादा इतकी अरुंद आहे की आठवड्याला सुई टोचून ती पाहावी लागते. हे सगळं इथे चोख होत होतं. मी कुणावर खोटा आळ घेणार नाही. एके दिवशी सिस्टरनी भावजयीला फोनवर सांगितलं, “उतार आहे.” भावजय फोन ठेवून आनंदाने रडली. ताप ओसरू लागला की आपण उतार पडला म्हणतो, आणि रस्ता खाली निघाला की त्यालाही उतारच म्हणतो. भाषेने तिथे एका शब्दात दोन कामं उरकली आहेत. उतार कुठे संपतो, सपाटीवर की दरीत, ते त्या शब्दाला विचारून उपयोग नाही.

आम्ही दुपारी भेटत असू. ती बसून असे. केस विंचरलेले, नखं कापलेली, मांडीवर हात. मी काही विचारलं की उत्तर येई, पण पाण्याखालून यावं तसं उशिरा.

“काय वाचतेस?”

“अं? काही नाही.”

“तुझ्यासाठी वाद घालायला विषय आणलाय. बरणी कडेला ठेवणाऱ्याचा गुन्हा—”

“असेल, आत्या. त्याचाच असेल.”

सोळा वर्षांत तिने माझं म्हणणं मान्य करण्याची ही पहिली वेळ.

भिंतीवर, जिराफाच्या मागच्या पायाजवळ, पाच चेहरे चिकटवले होते: पहिला रडणारा, पाचवा दात काढून हसणारा, मधले त्यांच्या दरम्यान. रोज नाश्त्यानंतर उपक्रम घेणाऱ्या बाई टाळ्या वाजवत येत आणि प्रत्येक मुलाला आजचा आपला चेहरा दाखवायला सांगत. त्या बाईंचं मन चांगलं होतं. त्या सर्वांना ‘सोनू’ म्हणत, घोगऱ्या आवाजाच्या हेडमास्तरालासुद्धा. मुलं बोट ठेवत, बाई “व्वा!” म्हणत, आणि त्या बोटांवरून सकाळच्या फेरीत डॉक्टर पुष्कळ काही ठरवत. मानवी दुःखाच्या मीमांसेत दोन-अडीच हजार वर्षं खर्ची पडली, तिचा निष्कर्ष इथे पाच गोल कागदांवर आला होता.

शेजारच्या खाटेवर एक किडकिडीत मुलगी होती. तिला तोच आजार, आणि ती या कक्षात तिसऱ्यांदा आली होती, म्हणून मुलं तिला सीनियर म्हणत. एका दुपारी मी हातात पुस्तक धरून बसले होते. वाचणारं माणूस आणि खुर्ची यांत मुलं फरक करत नाहीत. त्या दोघी माझ्यासमोरच बोलू लागल्या.

“चौथा दाखवायचा,” सीनियर म्हणाली. “पाचवा चुकूनही नाही. पाचवा दाखवलास की म्हणतात, ही पुन्हा चढायला लागली. मग गोळी वाढली, मुक्काम वाढला.”

“आणि तिसरा?”

“तिसऱ्यावर म्हणतात, अजून वेळ लागेल. चौथा म्हणजे चौथाच. पण पटकन नाही हं बोट ठेवायचं. जरा डोकं खाजवायचं, ओठ चावायचा, मग चौथा. मध्ये एकदा तिसरा टाकून द्यायचा. तेवढंच खरं वाटतं.”

“तू वकील का नाही होत?”

“मी पेशंट आहे ना. फुल टाइम.”

दोघी हसल्या नाहीत. विनोद करण्याची सवय शिल्लक होती, इतकंच. दुसऱ्या दिवसापासून माझी भाची चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवू लागली, ओठ चावून, आणि बाई “व्वा, सोनू!” म्हणू लागल्या.

सीनियर औषध घ्यायला गेली ती वेळ मी साधली. “तुझा खरा चेहरा कितवा?” मी विचारलं.

तिने भिंतीवरचे पाचही चेहरे पाहिले. “तो तिथे लावलेला नाही,” ती म्हणाली. “पहिला निदान रडतोय. रडायलासुद्धा आत काहीतरी लागतं, आत्या.”

“मग डॉक्टरांना सांग.”

“सांगितलं तर ठेवून घेतील.”

“घेऊ देत. घरी जाऊन काय करणार आहेस?”

“काही नाही.” मग तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “इथे बाथरूमला कडी नाही. मला घरी जायचंय.”

मी तिचा हात धरला. तो गार नव्हता, गरम नव्हता. टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा होता. तिने तो काढून घेतला नाही. काढून घेण्याइतकंही तिला पडलेलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांची खोली तळमजल्यावर होती. बाहेरच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर एक मुलगा बांधलेल्या हातांनी पडून होता, आणि त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला “साहेब, खाट मिळाली का?” विचारत होती, काहींना तर तिने दोनदा विचारलं. तिच्या मुलाला हवी होती ती खाट जिराफाच्या पोटाखालची होती, हे मला आत गेल्यावर समजलं. डॉक्टर वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता येतं. ते थकलेले, सभ्य आणि कमालीचे आशावादी होते.

“परवा सोडतोय तिला,” ते म्हणाले. “छान प्रतिसाद आहे. रक्तातलं प्रमाण अगदी हवं तिथे आहे.”

मी त्यांना माझ्या शास्त्रातला नियम सांगितला. एकाच ओळीचे दोन पाठ मिळाले, एक सोपा आणि एक अवघड, तर अवघड पाठ बहुधा मूळचा असतो. नक्कल करणारा माणूस अडलेल्या जागी सोपं करतो. सोपं कधी मुद्दाम अवघड करत नाही. तुमच्यापुढे रोज येणारा चौथा चेहरा हा सोपा पाठ आहे, मी म्हटलं. तो तिने सीनियरकडून घेतलेला आहे. मूळ पाठ मी ऐकला आहे. आणि मग कडीचं सांगितलं.

हे सांगताना माझा आवाज पूर्वी वर्गात शिकवताना असे तसा होता. एकदाही फुटला नाही. डॉक्टर हनुवटीला हात लावून, व्याख्यान ऐकावं तसं ऐकत होते.

“इंटरेस्टिंग आहे हे,” ते म्हणाले. “पण मॅडम, पोरांचं मन म्हणजे पोथी नव्हे. आणि सोळा वर्षांच्या मुलीला बाथरूमला कडी हवीच असणार, नाही का?”

“तिला हवी आहे ती कशासाठी, ते विचारा.”

“विचारतो ना.” आणि त्यांनी तिला तिथेच बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर विचारलं. सीनियरने शिकवलं त्यापेक्षा ते कितीतरी सरस झालं. वकील किंचित लाजली, खाली पाहून हसली आणि म्हणाली, “अंघोळ करताना सिस्टर मध्येच दार ढकलतात. मला कसंतरीच होतं.” डॉक्टरही हसले. त्यांनी माझ्याकडे समजुतीने पाहिलं. तो दृष्टिक्षेप मला ओळखीचा होता. शिकलेल्या एकट्या म्हाताऱ्या बाईला तो सर्व खात्यांत मिळतो.

जिन्यात ती माझ्या पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, “सांगितलंस ना.” त्यात राग असता तर मला धीर आला असता.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या दुकानात गेले. आतल्या अरुंद खोलीत तो एका माणसाचे डोळे तपासत होता. त्या माणसाच्या नाकावर ती जड गोल चौकट होती, आणि भाऊ तिच्यात काचा घालत, काढत, नेहमीचं विचारत होता.

“आधीचं बरं की आताचं?”

“आताचं.”

भावाने काच काढली, पुसल्यासारखी केली आणि तीच पुन्हा घातली. “आणि आता? आधीचं बरं की आताचं?”

“आताचं. आता एकदम स्वच्छ.”

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, “तू तीच काच लावलीस.”

“लावावीच लागते.” कामाबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळतो. “माणसं ‘आताचं’ म्हणतातच गं. बिचाऱ्यांना वाटतं, हा एवढा खटाटोप करतोय तर काहीतरी सुधारलं असणार. नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून मधूनमधून तीच काच फिरवायची. जो ‘सारखंच दिसतंय’ म्हणेल, त्याच्या उत्तरावर विसंबायचं.”

“मग तिला विचारलंस?”

“विचारलं की. काल. म्हटलं, वकीलसाहेब, आधीचं बरं की आताचं?” तो हसला. “म्हणाली, आताचं, बाबा.”

“पटकन?”

“पटकन! मला इतकं हलकं वाटलं, ताई.”

त्याने स्वतःचंच वाक्य ऐकावं म्हणून मी थांबले. तो काचा एकेक करून पेटीतल्या खाचांत ठेवत होता आणि शीळ घालत होता.

“तीच काच आहे रे,” मी म्हटलं.

त्याची शीळ थांबली. त्याला समजलं होतं. मी त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओळखते. अर्धा क्षण समजलं, आणि मग त्याने ते समजणं पेटीच्या झाकणाखाली घातलं.

“ती काय गिऱ्हाईक आहे का?” तो म्हणाला. “मुलगी आहे माझी. माझ्याशी कशाला खोटं बोलेल?”

अनोळखी माणसाच्या डोळ्यांसाठी त्याने शंका घेण्याची इतकी देखणी रीत बसवली होती, आणि पोटच्या मुलीच्या बाबतीत ती वापरणं त्याला अपमान वाटत होता. चुकीचा नंबर गेला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि ते चष्मा घेऊन परत येतं. मी हे त्याला म्हटलं. फार चांगल्या शब्दांत म्हटलं. तो रडू लागला आणि मला म्हणाला, “तुला तिचं बरं झालेलं बघवत नाही का गं?”

भावजय जास्त सौम्य होती. संध्याकाळी तिने माझ्यापुढे चहा ठेवला. “ताई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोल शोधता,” ती म्हणाली. “थोडे दिवस आम्हाला वरवरचं राहू द्या ना. हात जोडते.” तिने खरोखरच हात जोडले. हाताला खडूचा वास होता.

वकील घरी आली. रुग्णालयातून निघताना बाईंनी तिला हसऱ्या चेहऱ्याचा बिल्ला लावला, आणि आम्ही जिना उतरत होतो तेव्हा स्ट्रेचरवरच्या मुलाला वर नेत होते. त्याची आई आमच्या पाया पडायला निघाली होती. जणू आम्ही खाट दान केली होती. मला तिच्यावर रागावता आलं नाही. एक मूल बरं झाल्याचं ठरवल्याशिवाय दुसऱ्या मुलाला आजारी पडायला जागा मिळत नाही, ही व्यवस्था तिने निर्माण केली नव्हती. ज्यांनी केली ते जिराफ मंजूर करून केव्हाच घरी गेले होते.

पुढचे दिवस घरात सण असावा तसे गेले. मुलगी वेळेवर उठते, कपड्यांच्या घड्या करते, कपाट आवरते, उलट बोलत नाही. भाऊ फोनवर मला हे सगळं सांगे. मी जाऊन बघितलं. कपाट खरंच आवरलेलं होतं. इतकं, की त्यात तिचं असं काही उरलं नव्हतं. माझ्याकडून वेळोवेळी नेलेली पुस्तकं तिने एका पिशवीत भरून ठेवली होती.

“घेऊन जा, आत्या. माझं वाचून झालं.”

“तू अर्धीसुद्धा वाचलेली नाहीस.”

“हो. पण झालं.”

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दोघांना दाखवली. म्हटलं, वस्तू परत करणारी माणसं निघण्याच्या तयारीत असतात. बाथरूमची कडी काढा. तिला एकटं ठेवू नका. आजच डॉक्टरांकडे चला. भावाने भावजयीकडे पाहिलं. दारात वकील येऊन उभी होती.

“आत्या, पुरे ना,” ती म्हणाली, आणि तिने ओठ चावला, जरा विचार केल्यासारखं केलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भावजयीने तिला मिठीत घेऊन माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पिशवी उचलून बाहेर पडले. दारात भाऊ हळूच म्हणाला, “काही दिवस नको येऊस, ताई. तू आलीस की घर आजारी होतं.” मी रुग्णालयात फोन केला. मोठे डॉक्टर परिषदेला गेले होते. विषय किशोरवयीन मुलांमधील आत्महत्या-प्रतिबंध होता. फोन उचलणाऱ्याने तो मला कौतुकाने वाचून दाखवला.

त्यानंतरच्या आठवड्यात भावजयीच्या शाळेतला पाण्याचा पंप बिघडला. मुलांना प्यायला पाणी नाही म्हणून शाळा दुपारी लवकर सोडली. ती घरी आली तर बाथरूमला आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार फोडलं. पंप दुरुस्त असता तर दार संध्याकाळी उघडलं असतं, आणि डॉक्टरांच्या मते संध्याकाळपर्यंत वेळ नव्हता. एवढी मोठी इमारत, रक्ताची चोख तपासणी, पाच चेहरे, मायाळू बाई, तज्ज्ञ, आईबाप, शिवाय मी. आणि एवढ्या सगळ्यांत माझ्या भाचीचा जीव ज्या यंत्रणेने वाचवला ती म्हणजे एक नादुरुस्त पंप.

आता ती मोठ्यांच्या कक्षात आहे. इथे भिंतीला नुसता चुना आहे. मुलांच्या कक्षातली खाट अर्थातच रिकामी नव्हती. मोठे डॉक्टर येऊन गेले. भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मुलांनी लपवलं तर आम्ही तरी काय करणार? तिने एकदाही पहिला चेहरा दाखवला नाही हो.” भाऊ मान हलवत राहिला. तो आता दुकान उघडत नाही. खाटेच्या पायाशी बसतो, आणि तिने कूस बदलली की उठून उभा राहतो. तिला काय विचारावं हे त्याला सुचत नाही, म्हणून तो तिला दर थोड्या वेळाने पाणी देतो. ती दर वेळी एक घोट पिते.

मी गेले तेव्हा तो पाणीच भरून आणायला उठला होता. तिचा घसा उपचारांच्या वेळी घातलेल्या नळीने सोलला गेला होता, आवाज बसलेला. मी खुर्ची ओढली. पुस्तक आणलं नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली. “तू सांगितलं होतंस ना त्यांना? कडीचं.”

“हो.”

“बाबालाही?”

“त्यालाही. आईलाही.”

ती छताकडे पाहत होती. बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाळाला ती बारीक आठी पडली, जी लहानपणी उलटतपासणीच्या आधी पडत असे. क्षणभर मला वेड्यासारखा आनंद झाला.

“मग त्यांनी ऐकलं का नाही? मी खोटं इतकं छान बोलले, की तू खरं इतकं वाईट सांगितलंस?”

मी उत्तर जुळवू लागले. व्यवस्थेबद्दल, खाटांबद्दल, आशेबद्दल, सोप्या पाठाबद्दल; सगळं खरं होतं, आणि ते सगळं एका वाक्यात बसेल अशी वाक्यरचना मला येते. ती वाट पाहत होती. मी जिन्यात ओरडू शकले असते. स्ट्रेचरवरच्या मुलाच्या आईसारखं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कोटाला अडवू शकले असते. भावाच्या उंबऱ्यावर बसून राहू शकले असते, मला हाकललं तरी. तिला हे सगळं एव्हाना सुचलं असणार. सोळा वर्षांची असली तरी युक्तिवादात ती माझ्या पुढे होती.

“दोन्ही,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. आठी गेली. उत्तर नोंदवून घ्यावं आणि साक्षीदाराला मोकळं करावं, तसं तिने डोळे मिटले.

“पुढच्या वेळी,” ती म्हणाली, आणि थांबली.

“पुढच्या वेळी काय?”

भाऊ पाण्याचा पेला घेऊन आला आणि खाटेच्या पायाशी बसला. सिस्टर त्याच्या मागून आल्या, पेशंटला बोलतं करू नका म्हणाल्या, आणि मला विचारलं, “तुम्ही कोण?” मी आत्या म्हणाले. आई-वडिलांखेरीज कुणाला थांबता येणार नाही, त्या म्हणाल्या.

“पुढच्या वेळी काय गं?” मी पुन्हा विचारलं. तिने भिंतीकडे कूस बदलली. भाऊ उठून उभा राहिला.